काल्याच्या कीर्तनाचं रीळ

लोकांच्या कपाटात लुगडी असतात, नाहीतर जमिनीचे कागद असतात. किशनरावांच्या कपाटात कीर्तन होतं, आणि त्याला कुलूप होतं.

देवगाव फाट्याच्या आसपास ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, कारण किशनराव ती कुणाला विसरू देत नसत. एकाहत्तर साली गावात सप्ताह झाला, शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन मुंजाजीबुवांनी केलं, आणि किशनरावांनी हैदराबादेहून आणलेल्या रिळाच्या टेपवर ते भरून घेतलं. दोन वर्षांनी बुवा वारले. त्यांचा आवाज दुसऱ्या कुणी कुठे भरून ठेवलेला नव्हता. म्हणजे उरलंसुरलं जे काही होतं, ते किशनरावांच्या कपाटात, सागवानी दारामागे.

ऐकलं मात्र कुणीच नव्हतं. सप्ताह संपला आणि महिन्याभरात मशीनचा पट्टा तुटला. तेव्हापासून सोळा वर्षांत ते एकदाही फिरलं नाही. पारावर बसून किशनराव सांगायचे तेवढंच लोकांच्या कानावर. "बुवा रंगात आले व्हते. ऐन रंगात कीर्तन सोडून माझ्यापाशी आले, वाकले, आन् नाव घेऊन कानात बोलले. एवढ्या हजार माणसात एकट्या माझ्यापाशी." काय बोलले, असं विचारलं की किशनराव डोळे मिटायचे. "त्ये सांगायचं नसतं." ऐकणारेही मान डोलवायचे, कारण बुवांना वाकताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. टाळ-मृदंगाच्या गजरात शब्द तेवढे ऐकू गेले नव्हते.

सत्त्याऐंशी सालच्या माघात हे मशीन गोधडीत गुंडाळून, जीपमध्ये घालून, सेलूला आश्रुबाच्या दुकानात आलं. आश्रुबा रेडिओ दुरुस्त करायचा. दुकान कसलं, स्टँडमागची दहा बाय आठची खोली. बाहेरच्या भिंतीवर विद्यापीठाच्या नावाच्या घोषणा होत्या, एकावर एक, दोन्ही बाजूंच्या. आत भिंतीवर पांडुरंगाचा फोटो आणि खुंटीला टाळांची जोडी. तरुणपणी सहा वर्षं तो मुंजाजीबुवांच्या मागं टाळ धरून उभा राहिलेला माणूस. नेमका त्या सप्ताहाच्या वर्षी तो नांदेडला रेडिओचं काम शिकायला गेला होता, आणि याची हळहळ त्याला अजून होती. दिवसभर कुणाचा ना कुणाचा बिघडलेला आवाज नीट करायचा आणि संध्याकाळी कुठे कीर्तन असलं की सायकल हाणायची, असा त्याचा धर्म होता. तो कुणाला वाईट बोलत नसे. किशनरावांना बोलायची मात्र त्याला मनातल्या मनात फार सवय होती.

"चांगलं करून दे," किशनराव स्टूल ओढून बसत म्हणाले. "व्याही येणार हायत परभणीहून. दिनकरराव. त्यांच्याकडं दोन कॅसेटी एकदम बसणारं डबडं हाय, त्याचंच कौतुक सांगत ऱ्हातेत. कॅसेट काय, पानटपरीवाला बी ऐकतो. रीळ ऐकायला खानदान लागतं."

आश्रुबानं झाकण उघडलं आणि दिवा जवळ ओढला.

पट्टी जिथं घासून जाते, जिथून आवाज उमटतो, तो नखाएवढा चकचकीत भाग मशीनचा जीव. त्या जिवावर हळदीकुंकवाचा थर होता. एकदाचा नव्हे, वर्षावर वर्ष चढलेला, वाळून दगड झालेला. पट्टीला ओढणारं रबरी चाक तेल पिऊन गुलाबजामासारखं फुगलं होतं. एका कोपऱ्यात अक्षता होत्या आणि अक्षतांना पोरकिडे.

"हे काय हाय, मालक?"

"पूजा. खंडेनवमीला करतो की दरसाल. अवजारांची करतेत, मग हे काय अवजार न्हाई?"

"आतून?"

"मग काय वरून वरून करायची? यंत्राचं दैवत आत असतं."

"आन् हे तेल?"

"खोबऱ्याचं हाय, घरच्या घाण्याचं. कुरकुर करू ने म्हणून. गाडीच्या चाकाला न्हाई का घालत?"

हे सगळं किशनरावांनी अशा थाटात सांगितलं की जणू मशीन बनवणाऱ्या जर्मन लोकांना हे सुचलं नाही ही त्यांची चूक. आश्रुबा मान खाली घालून स्क्रू काढत राहिला. या माणसानं सोळा वर्षं बुवांच्या आवाजाच्या दारात चिखल भरला होता आणि वर हात जोडले होते. देवाला मानायचं म्हणजे त्याला काहीतरी फासायचं, एवढंच याला कळलं होतं.

"रीळ कुठाय?" त्यानं विचारलं.

"रीळ घरीच. मशीन ठेवून घे. रीळ माझ्या हाताबाहेर जाणार न्हाई."

"तपासायला लागंल की."

"दुसरं कायतरी लावून तपास."

आश्रुबानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "मालक, मजुरी नको मला. एक करा. लावाल त्या दिवशी बुवांच्या घरच्या तानुबाईंना ऐकायला बोलवा. मी घेऊन येतो त्यांना."

किशनरावांनी जरा आठवल्यासारखं केलं. "हायत व्हय अजून? येऊ द्या की. ओसरीवर जागा लय हाय."

तानुबाई म्हणजे बुवांची बायको, सेलूतच भाच्याकडे राहत. सत्तरी उलटली होती, एक कान पुरता गेलेला. दर एकादशीला देवळातून परतताना त्या आश्रुबाच्या दुकानापाशी दम खायला टेकायच्या. दोन महिन्यांपूर्वी अशाच बसल्या असताना, विषय नसताना म्हणाल्या होत्या, "आश्रुबा, त्यांचं तोंड दिसतं बघ मला अजून. फेट्याचा पीळ दिसतो. आवाज मातर गेला. किती आठवायला बसले तरी येत न्हाई. दुसऱ्याच कुणाचा येतो." मग पुढं म्हणाल्या, "जलमभर लोकांनी ऐकलं. मी भाकऱ्या टाकीत हुते. घरी येत त्ये बसलेला आवाज घेऊन."

त्या दिवसापासून आश्रुबाच्या मनात त्या कपाटाचं कुलूप ठसठसत होतं. आता मशीन आपल्या पायानं चालत आलं होतं.

तीन आठवडे त्यानं दुसरं काम धरलं नाही. काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून त्यानं ते कुंकू विरघळवलं. घाई केली तर खालचा भाग चरे पडून कायमचा जातो, म्हणून रोज थोडं थोडं. निघालेलं कुंकू त्यानं फेकलं नाही. चूक किशनरावांची होती, कुंकवाची नव्हे. कागदाच्या पुडीत जमवून त्यानं ते तुळशीपाशी नेऊन ठेवलं. फुगलेलं चाक फेकून, उपसा पंपाच्या जाड रबरी वायसरातून घासून घासून नवं बसवलं. जुना पट्टा काकवीसारखा चिकट होऊन तळाशी सांडला होता, तो खरवडून स्कूटरच्या ट्यूबचा कापला. पहिला आखूड झाला, दुसरा नाचायला लागला, तिसऱ्यानं पकड घेतली. फुटलेले कंडेन्सर बदलले. शाळेच्या अडगळीत इंग्रजी पाठांचं एक रीळ पडलं होतं, ते मागून आणून लावलं. एक बाई अगदी स्वच्छ आवाजात काहीतरी घोकून घेत होती. आश्रुबाला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण बाईचा श्वास घेतलेला ऐकू आला. तेव्हा त्यानं पांडुरंगाला उदबत्ती लावली, मशीनपासून चार हात लांब.

मशीन आदल्या दिवशीच पोचतं करून ठरल्या दिवशी सकाळी तो तानुबाईंना घेऊन जीपनं निघाला. त्यांनी ठेवणीतलं नऊवारी काढलं होतं. वाटेत एकदाच विचारलं, "सगळं असंल का रे त्यात? पयल्यापासून?"

"रीळभर असंल, माय. पाऊण घंटा."

"लय झाला," त्या म्हणाल्या.

किशनरावांनी बैठक सजवली होती. मधोमध टेबल, टेबलावर भरतकामाचं कापड, कापडावर मशीन. लोडाला टेकून व्याही दिनकरराव, निवृत्त हेडक्लार्क, चष्मा पुसत. सतरंजीवर गावातली दहा-बारा माणसं. तानुबाईंना कुणी आत या म्हणालं नाही. ओसरीवर, काढलेल्या चपलांच्या अलीकडे, एक पोतं टाकलेलं होतं, त्यावर त्या बसल्या. आश्रुबा म्हणाला, "मालक, माय आत बसत्याल." किशनराव म्हणाले, "तिथनं बी येतंय की ऐकू. जर्मन मशीन हाय." व्याह्यांसाठी चहा आला, गाववाल्यांसाठी आला, ओसरीपर्यंत येता येता संपला.

मग किशनरावांनी कमरेच्या किल्लीनं कपाट उघडलं. रिळाच्या खोक्यावरही कुंकू होतं. आश्रुबानं दोन्ही हातांनी रीळ घेतलं, पट्टी ओवली, बटण दाबलं.

आधी खरखर. मग लांबून, नदीच्या पल्याडून यावा तसा टाळांचा आवाज. आणि मग, कानाशी फटाका फुटावा तसं, कट्ट.

दिनकरराव दचकले. "काय झालं?"

पुन्हा कट्ट. मग कुणीतरी मचमच चावलं. आणि मग मशीनमधून खणखणीत आवाज आला. "ए लिंबाजी, पाण्याचा लोटा आण इकडं. आन् त्या बायांना सांग मागं सरका म्हणून, पाव्हण्यांना दिसंना."

आश्रुबाला क्षणभर काही उमगेना, मग उमगलं. मशीन महाग, म्हणून किशनरावांनी ते मंडपात बुवांपाशी ठेवलंच नव्हतं. मानाच्या जागी ठेवलं होतं. म्हणजे स्वतःपाशी, लोडाशेजारी, सुपारीच्या तबकालगत. माइक मशीनवर, मशीन मालकाच्या मांडीशी. बुवा पंधरा-वीस हात लांब, हजार माणसांच्या गजरात. त्या रिळानं इमानानं जे जवळ होतं ते भरून घेतलं होतं. सोळा वर्षं कुलपात जपलेलं ते किशनरावांचं सुपारी खाणं होतं.

"कोण बोलायलंय हे?" दिनकररावांनी विचारलं.

"मीच की." किशनरावांचा चेहरा फुलला होता. "ओळखू येईना का? आवाज बघा कसा आलाय. काल बोलल्यावानी."

"आन् बुवा?"

"हायत की मागं. ऐका की."

बुवा होते. आश्रुबाला कान देऊन कळत होते, पाण्याखालून दिसणाऱ्या खड्यासारखे. एखादी तान यायची, तोवर कट्ट. शब्द सुरू व्हायचा, तोवर टेपमधले किशनराव कुणाला तरी उसाच्या मोळ्यांविषयी विचारायचे. समोरचे किशनराव स्वतःच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. असं तल्लीन होऊन या माणसानं आयुष्यात एखादं कीर्तन ऐकलं असतं तर आज तो माणसात असता, असं आश्रुबाला वाटलं.

ओसरीवरून तानुबाईंचा आवाज आला. "आश्रुबा, सुरू झालं का रे?"

वीस मिनिटं झाली होती.

आश्रुबानं आवाज वाढवला. त्यानं सुपारी वाढली. त्यानं गडगड कमी केली, खणखण वाढवली, जे जे येत होतं ते सगळं केलं. जे माइकपर्यंत पोचलंच नव्हतं, ते त्याला आणता येणार नव्हतं. ओसरीवर म्हातारी पदर कानाशी धरून, चांगला कान दाराकडे करून बसली होती. तिला काय सांगायचं, याची तो जुळवाजुळव करू लागला.

आणि मग टाळ जवळ आले. म्हणजे टाळ तिथंच होते, पण त्यांच्या पुढून कुणीतरी चालत येत होतं. पायातल्या चाळांचा बारीक आवाज. किशनराव सावरून बसले. व्याह्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "हां. आता ऐका. हीच ती जागा."

मशीनमधून आवाज आला. मोठा नाही. वाकून, दम राखून बोललेला, पण माइकच्या इतक्या जवळून की बैठकीत माणूस उभा राहिल्यासारखा.

"किशनराव, कीर्तन थांबवून सांगितलं तर एवढ्या लोकांचा खोळंबा, म्हणून चालता चालता सांगतो. सुपारी घरी फोडा. तुमी देवाच्या दारात आलाव, पण बसलाव सोताच्याच ओसरीवर. आन् त्या बायांना मागं सारू नका, त्या ऐकायला आल्यात."

आणि तिथंच, किशनरावांच्या डोक्यावर उभं राहून, बुवांनी मागच्या टाळकऱ्यांनी सोडलेलं चरण वरच्या स्वरात उचललं. सरळ, भरलेला, जरासा खरबरीत आवाज. चरण अर्ध्यात आलं आणि खट्ट झालं. त्या दिवशी किशनरावांनी तिथंच बटण दाबलं होतं. पुढं नुसती खरखर.

बैठकीत कुणी कुणाकडे पाहिलं नाही. दिनकररावांनी उपरण्यात तोंड घालून खोकल्यासारखं केलं, पण तो खोकला नव्हता. सतरंजीवरून कुणीतरी हळूच म्हणालं, "हेच बोलले व्हते व्हय कानात." अपमान विसरायला किशनरावांना फार दिवस लागले नव्हते, आणि तो मान म्हणून सांगायला त्याहून कमी. सोळा वर्षं सांगून सांगून त्यांचं त्यांनाच ते खरं वाटू लागलं होतं. आता ते कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले.

ओसरीवर तानुबाई उठून उभ्या राहिल्या होत्या.

"हे पुसून टाक," किशनराव म्हणाले.

"पुसलं तर तिथं खरखर ऱ्हाती, मालक. पुन्यांदा कुणी ऐकलं तर विचारणार, हितं काय व्हतं म्हणून."

"मग?"

"कापायचं. पट्टी असती ती. ब्लेडनं तेवढी काढायची. कापलंय म्हणून बी कळत न्हाई."

"काप. आन् ते चुलीत घाल."

"चुलीत घालायची ती मी नेतो." आश्रुबानं खिशातून ब्लेड काढलं. "पर जागा नेमकी सापडाय पायजे. कमी कापलं तर तुमचं नाव तेवढं ऱ्हाईल. जास्त कापलं तर तुमची सुपारी जाईल. त्यासाठी पुन्हा पुन्हा लावून ऐकावं लागतं. धंद्याची रीत हाय ती."

ही रीत खरी होती. पण एवढ्या कामाला तीनदा ऐकलं तरी पुरतं, हे त्यानं सांगितलं नाही. त्यानं रीळ हातानं मागं फिरवलं आणि बटण दाबलं. किशनराव, कीर्तन थांबवून सांगितलं तर एवढ्या लोकांचा खोळंबा. मागं फिरवलं. सुपारी घरी फोडा. मागं फिरवलं. बसलाव सोताच्याच ओसरीवर.

चौथ्या वेळी किशनराव उठले. "गोठ्यात जाऊन येतो," म्हणाले. दाराशी तानुबाई उभ्या होत्या, त्यांना वळसा घालून निघून गेले. गोठ्यापर्यंतही ते ऐकू येत असणार, कारण आश्रुबानं आवाज होता तेवढा पूर्ण उघडला होता.

"माय, आत या," तो म्हणाला.

दिनकररावांनी लोड बाजूला सारला आणि मशीनपुढची आपली जागा मोकळी केली. तानुबाई बसल्या. चांगला कान मशीनकडे केला. गाववाली माणसं आपोआप टाळ्यांनी हलका ठेका धरू लागली, तेव्हा त्यांनी नुसती बोटं हलवून त्यांना थांबवलं.

आश्रुबा रीळ मागं फिरवायचा, बुवा चालत यायचे, बोलायचे, चरण उचलायचे, तुटायचे. पुन्हा यायचे. सहाव्या वेळी तानुबाई हसल्या. "असंच बोलायचे बघ घरी. आळणी झालं की म्हणायचे, मीठ देवाला वाहिलं का." आठव्या वेळी त्यांनी डोळे मिटले. आश्रुबानं मोजणं सोडून दिलं.

गोठ्याकडून हाक आली. "झालं का रे?"

"जागा सापडंना, मालक," आश्रुबानं ओरडून सांगितलं.

शेवटी तानुबाईंनीच त्याच्या मनगटावर हात ठेवला. "बास. आता काप."

"अजून लावतो की, माय. त्यांना बसू द्या गोठ्यात."

"नको. काप तू."

आश्रुबानं ब्लेड लावलं, चाळांचा पहिला आवाज येतो तिथं एक आणि बटण खट्ट होतं तिथं एक. मधली पट्टी निघाली, चांगली बारा-तेरा हात. दोन्ही टोकं त्यानं चिकटपट्टीनं जोडून दिली. आता रिळात सुपारी होती, पाण्याचा लोटा होता, उसाच्या मोळ्या होत्या. मालकाचं मालकाला पोचलं. काढलेली पट्टी त्यानं चार बोटांवर गुंडाळली आणि म्हाताऱ्या हातात दिली.

"हे आता कुठं वाजायचं न्हाई, माय. असलं मशीन दुसरं न्हाई जवळपास."

"असू दे," त्या म्हणाल्या, आणि ती पदराच्या गाठीत बांधली.

किशनराव परत आले तेव्हा आश्रुबा चपला घालत होता. त्यांनी आधी मशीनकडे पाहिलं, मग व्याह्यांकडे. "आता बघा कसं साफ लागंल," ते दिनकररावांना म्हणाले. दिनकरराव म्हणाले, "मला पाथरीची एसटी गाठायचीय," आणि चष्मा खिशात घातला. पाथरीत त्यांचं काहीएक काम नव्हतं.

फाट्यावर ऊन तापलं होतं. जीप यायला वेळ होता. बाभळीच्या सावलीला दोघं उभे राहिले. आश्रुबाला राहवेना. "माय, बघितलात का माणूस? काय कमी दिलंय देवानं? हजार माणसं पांडुरंगात, आन् हा सुपारीत. मी तीन आठवडे त्या मशीनला..."

"गप ऱ्हा जरा, आश्रुबा," तानुबाई म्हणाल्या. त्यांनी एक हात चांगल्या कानावर झाकला होता. ओठ हलत होते. "बोलू नकोस. आत चालू हाय."

जीप आली. आश्रुबानं त्यांना हाताला धरून पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी बसवलं, आणि ड्रायव्हरला टेप बंद करायला सांगितला.